पेशी विसरते काय ?

मनुष्याचा देह एका पेशीपासून उत्पन्न होतो, हें आतां शाळेंतील मुलांनाहि माहीत असतें. त्या एकीच्या दोन होतात, दोहोंच्या चार, चारांच्या आठ, आणि अशा दुपटीनें वाढतां वाढतां शेवटीं कोट्यवधि पेशींचा हा पसारा उभा राहतो. गणित सोपें आहे; पण त्याच्या आड जो प्रश्न दडला आहे तो मोठा बिकट आहे. एकाच मातेच्या ह्या सगळ्या लेंकी. मग त्यांतली एक डोळ्याच्या पडद्यांत बसून उजेड टिपते, दुसरी यकृतांत पित्त तयार करते, तिसरी हृदयांत जन्मभर आकुंचन पावत राहते, हा भेद कोठून आला? आणि एकदां तो भेद पडल्यावर त्या पेशीच्या ठायीं असलेलें बाकीचें सामर्थ्य कोठें गेलें ? डोळ्यांतील पेशीजवळ यकृत होण्याची विद्या मुळीं उरतच नाहीं, कीं ती विद्या तिच्याजवळ जशीच्या तशी असून नुसती बांधून ठेवलेली असते ?

वरवर पाहतां हा वाद पंडितांच्या करमणुकीचा वाटेल. पण त्याच्या उत्तरावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. विद्या खरोखरच नाहींशी होत असेल, तर झिजलेलें हृदय किंवा विझलेली दृष्टि पुन्हां उभी करण्याची आशा सोडावी लागेल. ती नुसती बांधलेली असेल, तर गांठ सोडण्याची युक्ति आज ना उद्यां सांपडेल. ज्या पेशी स्वतः अद्याप विशेष कांहीं झालेल्या नसतात, पण पुष्कळ कांहीं होऊं शकतात, त्यांना मूलपेशी म्हणतात. हा शब्द आजकाल विद्यापीठांतून जितका ऐकूं येतो, तितकाच तो जाहिरातींतूनहि दिसतो. म्हणून त्याच्या पाठीमागचा सुमारें अडीचशें वर्षांचा इतिहास येथें थोडा विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गर्भांत कोणता अवयव आधीं होतो, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत ह्यावर निरनिराळ्या आचार्यांचीं मतें दिलीं आहेत. शौनक म्हणतात मस्तक आधीं, कृतवीर्य म्हणतात हृदय, पाराशर्य म्हणतात नाभि. आणि शेवटीं धन्वंतरींचा निर्णय असा कीं, सर्व अवयव एकदमच होतात, पण कोंवळ्या आंब्यांतील किंवा वेळूच्या कोंबांतील भागांप्रमाणें ते फार सूक्ष्म असल्यामुळें दिसत नाहींत. यूरोपांत सतराव्या व अठराव्या शतकांत जवळजवळ हेंच मत प्रबळ होतें. प्राणी बीजांत आधींच घडलेला असतो, पुढें तो फक्त मोठा होतो, असें मोठमोठे शास्त्रज्ञ मानीत. आणि हार्टसूकर नांवाच्या डच गृहस्थांनीं तर १६९४ सालीं पुरुषबीजाच्या डोक्यांत गुडघे पोटाशीं घेऊन बसलेला एक चिमुकला मनुष्यच चितारून दाखविला. सर्व कांहीं आमच्या ग्रंथांत होतें, असें म्हणण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. दोहों ठिकाणचीं बुद्धिमान् माणसें एकाच चुकीपाशीं येऊन पोंचलीं, ह्याचेंच आम्हांस कौतुक वाटतें. जें शेवटीं दिसतें तें आरंभींहि कोठें तरी असलेंच पाहिजे, ही समजूत मनुष्याच्या मनाला फार जवळची आहे.

ह्या समजुतीला पहिला धक्का कास्पार फ्रीडरिख वोल्फ ह्या पंचविशींतील जर्मन तरुणानें दिला. १७५९ सालच्या आपल्या प्रबंधांत त्यांनीं असें मांडलें कीं, अवयव आधीं नसतात, ते क्रमाक्रमानें नव्यानें होतात. आणि पुढें कोंबडीच्या अंड्यांत आंतड्याची नळी एका सपाट पापुद्र्याच्या दुमडण्यानें कशी तयार होते, हें त्यांनीं प्रत्यक्ष दाखविलें. त्या काळचे थोर शरीरशास्त्रज्ञ हालर ह्यांना तें पटलें नाहीं, आणि हालर ह्यांना न पटलेली गोष्ट त्या पिढींत फारशी कोणाला पटत नसे. नंतर १८३८-३९ च्या सुमारास श्लायडेन व श्वान ह्यांनीं वनस्पति व प्राणी दोन्ही पेशींचे बनलेले असतात हा सिद्धांत मांडला; १८५५ च्या सुमारास फिरखो ह्यांनीं प्रत्येक पेशी पूर्वीच्या पेशीपासूनच होते असें ठासून सांगितलें, आणि वादाचें रूपच पालटलें. ‘अवयव कोठून येतो’ ह्या प्रश्नाच्या जागीं ‘एका पेशीच्या लेंकी निरनिराळ्या कां होतात’ हा प्रश्न आला. मूलपेशी हें नांवहि ह्याच काळांतलें. एर्न्स्ट हेकेल ह्यांनीं १८६८ सालीं सर्व जीवसृष्टीच्या वंशवृक्षाच्या बुंध्याशीं असलेल्या आद्य एकपेशीय जीवाला ‘श्टामत्सेले’, म्हणजे बुंध्याची पेशी, म्हटलें. पुढें तोच शब्द त्यांनीं फलित अंड्याला लावला. शब्द वंशावळीच्या कागदावरून उतरून असा गर्भाशयांत आला, आणि तेथून रक्तांत कसा गेला तें पुढें येईलच.

आतां ह्या कथेंतील खरा पूर्वपक्ष पाहूं. फ्रायबुर्ग येथील ऑगस्ट व्हाइसमान ह्यांची दृष्टि अधू झाली होती. सूक्ष्मदर्शकावर तासन् तास बसणें अशक्य झाल्यामुळें ते विचाराकडे वळले. त्यांनीं जी उपपत्ति बसविली ती आपल्या लोकांस चटकन् समजण्यासारखी आहे, कारण ती वडिलोपार्जित मिळकतीच्या वाटणीसारखी आहे. फलित अंड्याच्या केंद्रकांत सर्व शरीराचे निर्णायक कण असतात. पेशीचें विभाजन होतें तेव्हां ह्या कणांची वाटणी होते. डाव्या बाजूचे कण एका लेंकीला, उजव्या बाजूचे दुसरीला, आणि अशा वाटणीवर वाटणी होत होत अखेरीस स्नायूच्या पेशीजवळ स्नायूपुरतेच कण उरतात. फक्त प्रजोत्पादक पेशींची शाखा अविभक्त राहते. तिच्याजवळ सगळी मिळकत अबाधित असते व तीच पुढच्या पिढीस मिळते. १८९२ सालच्या त्यांच्या ग्रंथांत ही उपपत्ति पूर्णत्वानें आली.

ह्या उपपत्तीला पुरावा नव्हता असें कोणीं समजूं नये. थिओडोर बोव्हेरी ह्यांनीं १८८७ सालीं घोड्याच्या आंतड्यांतील एका जंताच्या गर्भांत अगदीं अशीच गोष्ट पाहिली होती: शरीर बनविणाऱ्या पेशी आपल्या गुणसूत्रांचे तुकडे खरोखरच टाकून देतात, आणि ज्या शाखेपासून पुढें बीजें व्हावयाचीं तिच्यांतच तीं संपूर्ण राहतात. डोळ्यांनीं दिसलेली गोष्ट नाकारणार कशी ? त्या जंतापुरतें व्हाइसमान ह्यांचें म्हणणें आजहि खरें आहे. चूक झाली ती एका जंताचा कायदा सगळ्या प्राणिसृष्टीला लावण्यांत.

मिळकतीची वाटणी होते कीं नाहीं, हें तपासण्याचा मार्ग उघड होता. पहिल्या विभाजनानंतर दोन पेशींपैकीं एक नाहींशी करावी. वाटणी झाली असेल तर उरलेलीपासून अर्धाच प्राणी झाला पाहिजे. विल्हेल्म रू ह्यांनीं १८८८ सालीं बेडकाच्या अंड्यावर हा प्रयोग केला. तापविलेल्या सुईनें त्यांनीं दोहोंपैकीं एका पेशीला मारलें, आणि खरोखरच अर्धा गर्भ तयार झाला. वाद संपला असें पुष्कळांना वाटलें.

तीन वर्षांनीं हान्स ड्रीश नांवाचे तरुण प्राणिशास्त्रज्ञ एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं ट्रिएस्ट येथें हाच प्रयोग निराळ्या प्राण्यावर करण्यास बसले. सागरी अर्चिन नांवाचा एक कांटेरी, चेंडूसारखा जीव आहे. त्याचीं अंडीं फार टणक प्रकृतीचीं असतात. ड्रीश ह्यांनीं सुईचा उपयोग केला नाहीं. दोन पेशींच्या अवस्थेंतील अंडीं समुद्राच्या पाण्यासह एका नळींत घालून त्यांनीं ती जोरानें हालविली, तेव्हां कित्येक जोड्या सुटून दोन्ही पेशी अलग झाल्या व जिवंत राहिल्या. संध्याकाळपर्यंत त्या वाढून अर्ध्या वाटीसारख्या उघड्या दिसूं लागल्या, म्हणजे रू ह्यांचेंच म्हणणें खरें ठरणार असा रंग होता. सकाळीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात तों वाट्यांचीं तोंडें मिटून अखंड गोल झालेले, आणि ते पाण्यांत पोहत होते. त्यांपासून पुढें डिंभ झाले ते आकारानें लहान, पण सर्वांगानें पूर्ण. एका अंड्याचे दोन प्राणी ! मिळकत वांटली गेलीच नव्हती.

मग रू ह्यांचा अर्धा बेडूक कसा झाला ? त्यांनीं मारलेली पेशी तेथेंच चिकटून राहिली होती, आणि जिवंत पेशीला आपली बहीण शेजारीं आहे असेंच ‘वाटत’ होतें. १९१० सालीं बेडकाच्या अंड्यांतील एक पेशी शोषून अजिबात काढून टाकण्यांत आली, तेव्हां उरलेलीपासून पूर्ण गर्भ झाला. रू ह्यांचा प्रयोग खोटा नव्हता, अर्थ चुकीचा होता. आणि त्या चुकीनेंच हें कळलें कीं, पेशी काय होणार हें तिच्या पोटांत काय आहे एवढ्यावरच ठरत नाहीं, तर तिच्या शेजारीं कोण आहे ह्यावरहि ठरतें. ड्रीश ह्यांची गति मात्र पुढें विलक्षण झाली. यंत्राचे दोन तुकडे केले तर दोन पूर्ण यंत्रें होत नाहींत, त्या अर्थीं जीव हें यंत्रच नव्हे, त्यांत एक अतींद्रिय तत्त्व वास करतें, असें अनुमान काढून ते प्रयोगशाळा सोडून तत्त्वज्ञानाच्या व्यासपीठावर गेले. आम्हांस त्यांची ही धांव चुकीची वाटते. पण ज्या आश्चर्यापोटीं ती घेतली गेली तें आश्चर्य खोटें नव्हतें.

क्षयाच्या दुखण्यांतून बरे होत असतांना व्हाइसमान ह्यांचा ग्रंथ वाचून हान्स श्पेमान ह्या विषयाकडे ओढले गेले. त्यांचें मुख्य हत्यार ऐकून वाचकांस हंसूं येईल: घरांतल्या तान्ह्या लेंकराच्या डोक्याचा एक केंस. इतका बारीक व लवचीक दोरा बाजारांत मिळत नव्हता. त्या केंसाचा फांस त्यांनीं न्यूट ह्या पालीसारख्या दिसणाऱ्या जलचराच्या फलित अंड्याभोंवतीं आवळला, असा कीं केंद्रक एका बाजूला राहावें आणि दुसऱ्या बाजूस नुसतें पेशीद्रव्य. केंद्रकाची बाजू विभागूं लागली, दुसरी स्वस्थ राहिली. सोळा पेशी झाल्यावर एक केंद्रक फांसाच्या अरुंद मानेंतून पलीकडे सरकलें. आणि त्या आळशी बाजूपासूनहि एक पूर्ण गर्भ तयार झाला. म्हणजे चार वेळां विभाजन झाल्यावरहि केंद्रकांतील मिळकत अबाधित होती.

परंतु श्पेमान ह्यांचें नांव ज्या प्रयोगामुळें अजरामर झालें तो त्यांच्या हातचा नव्हता. हिल्डे मांगोल्ड ही त्यांची विद्यार्थिनी. तिनें फिकट रंगाच्या एका जातीच्या न्यूटच्या गर्भांतून एका विशिष्ट जागेचा इवलासा तुकडा काढून काळसर जातीच्या दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूस बसविला. दोन रंग घेतले ते मुद्दाम, पुढें कोणाचें काय झालें हें ओळखतां यावें म्हणून. त्या काळीं जंतुनाशक औषधें आजच्यासारखीं नव्हतीं. बहुतेक गर्भ कुजून गेले, हातावर मोजण्याइतकेच जगले. जे जगले त्यांच्या पोटावर दुसरा एक गर्भ, पाठीच्या कण्यासह, जोडून वाढला होता. आणि रंग पाहतां असें दिसलें कीं, त्याचा पुष्कळ भाग बाहेरून आणलेल्या तुकड्याचा नसून यजमान गर्भाच्याच पेशींचा होता. ज्या पेशी एरवीं पोटाची कातडी व्हावयाच्या, त्या नव्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मज्जारज्जु झाल्या होत्या ! हा निबंध १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावर गुरूंचें नांव आधीं होतें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत स्वयंपाकघरांतील शेगडीचा भडका उडून हिल्डे मांगोल्ड भाजून वारल्या. त्या वेळीं त्यांचें वय पंचवीस वर्षांचें होतें व पदरीं तान्हें मूल होतें. श्पेमान ह्यांना १९३५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

सोळा पेशींपर्यंत वाटणी होत नाहीं हें ठीक. पण पुढें, आंतडें किंवा कातडी पुरती तयार झाल्यावर, होत असेल कीं नाहीं? १९३८ सालच्या आपल्या ग्रंथांत श्पेमान ह्यांनीं सुचविलें कीं, वाढलेल्या पेशीचें केंद्रक काढून तें केंद्रकहीन अंड्यांत घालून पाहावें. मात्र तें करावें कसें हें त्यांना दिसत नव्हतें. चौदा वर्षांनीं फिलाडेल्फिया येथें ब्रिग्ज व किंग ह्यांनीं तें बेडकावर करून दाखविलें. अगदीं आरंभींच्या गर्भांतील केंद्रकें अंड्यांत घातलीं असतां त्यांपासून पिल्लें झालीं. पण गर्भ जसजसा पुढें गेलेला असे तसतसें यश कमी होत गेलें. वाढत्या वयाबरोबर केंद्रक कांहीं तरी गमावतें, असा त्यांचा निष्कर्ष पडला. व्हाइसमान पुन्हां डोकें वर काढणार असें दिसूं लागलें.

ह्याच सुमारास ऑक्सफर्ड येथें जॉन गर्डन ह्यांनीं दक्षिण आफ्रिकेंतील नखवाला बेडूक घेऊन काम आरंभिलें. हा बेडूक इंग्लंडांत मुबलक कां होता ह्याचें कारण मौजेचें आहे. स्त्रीला दिवस गेले आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं तिचें मूत्र ह्या बेडकाच्या मादीस टोंचीत. गर्भ असेल तर मादी कांहीं तासांत अंडीं घाली. त्यामुळें १९३० नंतर रुग्णालयांतून व प्रयोगशाळांतून हे बेडूक पाळले जात, आणि हवीं तेव्हां अंडीं मिळत. गर्डन ह्यांनीं अंड्याचें स्वतःचें केंद्रक अतिनील किरणांनीं मारलें, आणि पोहत्या, खात्यापित्या पिल्लाच्या आंतड्याच्या अस्तरांतील पेशीचें केंद्रक बारीक कांचनळीनें त्यांत घातलें. मेलेलें केंद्रक खरोखर मेलें होतें ह्याची खात्री काय ? त्यासाठीं त्यांनीं अशा वाणाचीं केंद्रकें घेतलीं कीं ज्यांत नेहमींच्या दोन केंद्रिकांच्या ऐवजीं एकच असते; नव्या पिल्लाच्या पेशींत एकच दिसली म्हणजे वारसा कोणाचा हें सिद्ध. १९६२ सालीं त्यांनीं आपला हिशेब छापला: ७२६ केंद्रकें घातलीं, त्यांपासून सर्वांगपूर्ण पिल्लें झालीं दहा. शेंकडा दीड देखील नव्हे. शंका घेणारे म्हणाले कीं, आंतड्यांत चुकून हिंडणाऱ्या बीजपेशींचेंच हें काम असेल. पुढें १९६६ सालीं अशाच केंद्रकांपासून पूर्ण वाढलेले, पिल्लें देणारे बेडूक झाले, व १९७५ सालीं कातडीच्या केंद्रकांपासूनहि पिल्लें झालीं, तेव्हां तो आक्षेप मागें पडला. आंतड्याची पेशी बेडूक कसा करावा हें विसरलेली नव्हती.

बेडकांचा हा वाद चालू असतां दुसऱ्या वाटेनें रक्ताचा अभ्यास करणारे लोक येत होते. आपल्या शरीरांत दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी नव्या तयार होतात, आणि त्यांतील प्रत्येक सुमारें १२० दिवस जगते. शिवाय मनुष्याच्या तांबड्या पेशीला केंद्रकच नसतें; ती तें टाकून देते, म्हणजे तिला लेंकरें होणेंच शक्य नाहीं. मग हा अखंड पुरवठा येतो कोठून ? तांबड्या, पांढऱ्या अशा सगळ्या पेशींची जननी एकच असावी, असें रशियन शास्त्रज्ञ माक्सिमोव ह्यांनीं १९०९ सालीं मांडलें आणि तिला मूलपेशी म्हटलें. पण ती डोळ्यांनीं ओळखतां येत नव्हती, त्यामुळें अर्धशतक हा नुसता तर्क राहिला.

हिरोशिमा व नागासाकी येथें जे किरणांनीं मेले त्यांतील पुष्कळांची अस्थिमज्जा जळून गेली होती, आणि त्यानंतर मज्जेचा अभ्यास सर्वत्र जोरांत सुरू झाला. टोरोंटो येथें वैद्य मॅकलक व पदार्थवैज्ञानिक टिल हे उंदरांची मज्जा किरणांनीं मारून त्यांना निरोगी उंदरांची मज्जा टोंचीत होते. दहाएक दिवसांनीं त्या उंदरांच्या प्लीहेवर बारीक गांठी दिसल्या. दुसऱ्या कोणीं त्या पुसून टाकल्या असत्या. ह्यांनीं त्या मोजल्या. जितकी मज्जा अधिक तितक्या गांठी अधिक, सुमारें दहा हजार पेशींमागें एक गांठ, असें ठरीव प्रमाण निघालें. हें १९६१ सालीं छापलें गेलें. पुढें १९६३ सालीं गुणसूत्रांवर किरणांनीं पडलेल्या खुणांवरून सिद्ध झालें कीं, एका गांठींतील सर्व प्रकारच्या पेशी एकाच पेशीच्या लेंकी आहेत, आणि त्या गांठींत पुन्हां नव्या गांठी उत्पन्न करणाऱ्या पेशीहि असतात. मूलपेशीचें लक्षण तें हेंच. आपल्या घरांत दहीं रोज संपतें, पण त्यांतलें चमचाभर विरजण राखून ठेवतात. म्हणून उद्यांचें दहीं लागतें. मूलपेशी विभागते तेव्हां कांहीं लेंकी कामाला जाऊन संपतात, कांहीं विरजण होऊन मागें राहतात. ह्याच ज्ञानावर रक्ताच्या कर्करोगावरील मज्जारोपण उभें आहे. आपल्या देशांतील पहिलें मज्जारोपण डॉ. सुरेश अडवाणी ह्यांनीं १९८३ सालीं मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत केलें.

मिळकत वांटली जात नाहीं, तर पेशी निरनिराळ्या होतात कशा ? पुण्याच्या पेशवे दप्तराचे रुमाल ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हें लवकर समजेल. प्रत्येक पेशीला सबंध दप्तराची नक्कल मिळते. मनुष्याच्या पेशींत तें सुमारें दोन मीटर लांबीच्या धाग्यावर, सुमारें वीस हजार प्रथिनांच्या कृतींसह, लिहिलेलें असतें. पण एका पेशींत त्यांतले थोडेच रुमाल उघडलेले असतात, बाकीचे गांठ मारून फडताळांत. तो धागा हिस्टोन नांवाच्या प्रथिनांभोंवतीं घट्ट गुंडाळला जातो, ठिकठिकाणीं त्यावर मेथिलच्या रासायनिक खुणा पडतात, आणि असा गुंडाळलेला भाग वाचला जात नाहीं. रुमाल उघडणारीं वा बंद ठेवणारीं कांहीं कारकून-प्रथिनें असतात. जनुकांचें असें नियंत्रण होतें हें जाकोब व मोनो ह्यांनीं १९६१ सालीं जंतूंमध्यें दाखविलें. आणि १९८७ सालीं असें आढळलें कीं, मायोडी नांवाचें एकच जनुक चालू केलें तर साध्या संयोजी ऊतकाची पेशी स्नायूच्या पेशींत पालटते. हे कारकून एकमेकांना उठवितात व बसवितात, शेजारच्या पेशींचे निरोप त्यांच्यापर्यंत पोंचतात, आणि एक निवड झाली कीं ती पुढच्या निवडीला वाट करून देते. महाबळेश्वरास पडलेला पावसाचा थेंब माथ्यावर असेपर्यंत सावित्रीबरोबर पश्चिमेच्या समुद्राला जाईल किंवा कृष्णेबरोबर पूर्वेच्या. एकदां उताराला लागला कीं माघार कठीण. वॉडिंग्टन ह्यांनीं १९५७ सालीं पेशीच्या भवितव्याचें चित्र असेंच, डोंगरावरून दऱ्यांत घरंगळणाऱ्या चेंडूचें, काढलें होतें. अपवाद आहेत: रोगप्रतिकार करणाऱ्या कांहीं पांढऱ्या पेशी आपल्या दप्तरांतील पानें खरोखरच कापून नवीं जोडतात. पण नियम रुमालाचा आहे.

पुढचा इतिहास ताजा असून पुष्कळांच्या वाचण्यांत आला असेल, म्हणून आम्ही तो आटोपता घेतों. १९८१ सालीं केंब्रिज येथें एव्हन्स व कॉफमन ह्यांनीं आणि सॅन फ्रान्सिस्को येथें गेल मार्टिन ह्यांनीं उंदराच्या कोंवळ्या गर्भांतील मूलपेशी बशींत वाढविल्या. १९९६ सालीं स्कॉटलंडांत सहा वर्षांच्या मेंढीच्या स्तनांतील पेशीपासून डॉली जन्मली. २७७ प्रयत्नांत ती एक. १९९८ सालीं अमेरिकेंत टॉमसन ह्यांनीं मानवी गर्भाच्या मूलपेशी मिळविल्या, आणि त्यासाठीं गर्भ मोडावा लागत असल्यामुळें धर्म व नीति ह्यांचा मोठा वाद उठला. तो वाद खरा होता. ज्यांनीं तो मागासलेपणाचा म्हणून उडवून दिला त्यांचा उतावळेपणा आम्हांस पटत नाहीं. त्यांतून वाट निघाली ती क्योतो येथें. शिन्या यामानाका व त्यांचे विद्यार्थी ताकाहाशी ह्यांनीं गर्भपेशींत जागीं असणारीं चोवीस जनुकें निवडून तीं सगळीं एकदम उंदराच्या संयोजी ऊतकाच्या पेशींत घातलीं. पेशी मूलपेशीसारख्या झाल्या. मग एकेक जनुक वगळून पाहतां पाहतां चारच उरलीं, आणि तीं पुरेशीं होतीं. हें २००६ सालीं. पुढच्या वर्षीं मनुष्याच्या पेशींतहि तें साधलें. चेंडू दरींतून पुन्हां माथ्यावर चढला होता. गर्डन व यामानाका ह्या दोघांना २०१२ सालीं मिळून नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. गर्डन ह्यांचा तो दहा पिल्लांचा हिशेब छापला गेला त्याच वर्षीं यामानाका जन्मले होते.

माथ्यावर चढविणें एक आणि तेथून नेमक्या दरींत सोडणें दुसरें. ह्या चार जनुकांतील एक कर्करोगांतहि गाजलेलें आहे; आणि पुरती न वळलेली मूलपेशी शरीरांत गेली तर तिची गांठ होण्याचें भय असतें. २०१४ सालीं जपानांत अशा पेशींपासून केलेला डोळ्याच्या पडद्याचा थर प्रथमच एका रुग्णास बसविण्यांत आला, तोहि अतिशय जपून. परंतु आशेच्या पुढें धांवणारे लोक सर्वत्र असतात. दक्षिण कोरियांत मानवी पेशींवरील दोन गाजलेले निबंध खोटे ठरून २००६ सालीं मागें घ्यावे लागले. आपल्याकडे पक्षाघात, मतिमंदत्व, आत्ममग्नता अशा विकारांवर मूलपेशींचा इलाज म्हणून हताश आईबापांच्या पुंजी रित्या होतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, रक्ताच्या मान्य विकारांसाठीं होणारें रोपण सोडून बाकी सर्व अद्याप प्रयोगावस्थेंत आहे व तें रीतसर चांचणीबाहेर करूं नये. बाळाच्या नाळेंतील रक्त पैसे भरून सांठवून ठेवण्याचीहि चाल पडली आहे. नाळेंतील रक्तांत मूलपेशी असतात हें खरें, आणि १९८८ सालीं पॅरिस येथें एका आजारी मुलास त्याच्या नवजात बहिणीच्या अशा रक्ताचा उपयोगहि झाला. पण तें रक्त बहिणीचें होतें. बाळाला जन्मजात दोष असेल तर त्याच्याच नाळेंतील प्रत्येक पेशीच्या दप्तरांत तोच दोष लिहिलेला असणार. पेशी कांहीं गमावीत नाहीं ह्याची ही दुसरी बाजू जाहिरातदार सांगत नाहींत.

गर्डन ह्यांच्या ७२६ केंद्रकांपैकीं त्या दहांची गोष्ट सगळे सांगतात; राहिलेल्या ७१६ ची क्वचित्‌च कोणी सांगतो. तीं केंद्रकें कां हरलीं, ह्याचा विचार गर्डन ह्यांनीं स्वतः सोडला नाहीं. २००८ सालीं त्यांनीं व त्यांच्या एका सहकाऱ्यानें स्नायूचीं केंद्रकें अंड्यांत घालून तयार झालेले गर्भ तपासले, तेव्हां ज्या पेशींचा स्नायूशीं कांहीं संबंध नाहीं त्यांच्यांतहि स्नायूचें जनुक जागें आढळलें. चोवीस विभाजनें होऊन गेलीं होतीं, मूळच्या पेशीचें नांवनिशाण उरलें नव्हतें, आणि त्या धाग्यावर एका विशिष्ट हिस्टोनची जुनी खूण तेवढी शिल्लक होती. आंतड्याची पेशी बेडूक होणें विसरत नाहीं हें सिद्ध करण्यांत त्यांची अर्धी हयात गेली. आपण आंतडें होतों हें ती कां विसरत नाहीं, ह्यांत उरलेली.